वहिनीचा डबा आणि नकली तांबडी

आमच्या घरी वार बघायला कॅलेंडर लागत नाही, नाक पुरतं. सोमवारी वहिनीच्या पहिल्या डब्यातल्या केळ्यांचा वास असतो, जरासा गोड, फळवाल्यानं पेटीच्या तळाशी विसरून टाकलेल्या केळ्यांचा. बुधवारपर्यंत त्यात शिळी बिअर मुरते. गुरुवारी वहिनी मासळीबाजारातून कोळंबीची तोडून टाकलेली डोकी फुकट आणते, दुसऱ्या डब्यात थोड्या पाण्यात घालते आणि घट्ट झाकण लावून मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या पाठीमागे, उन्हात ठेवून देते. शनिवारी सकाळी ती झाकण उघडते. "झालं का" बघायला. त्या वेळी मी जगात कुठेही असू शकतो, फक्त घरात नसतो.

वहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. पोटासाठी ती कवळ्या बनवते. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर तिची खोली आहे. टेबलावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि एका खणात पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत छटेनुसार लावलेले दात. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडांचे साचे पाठवतात, ती त्यांवर कवळी बसवते. परक्या माणसाचा जबडा एका हातात आणि चहाचा कप दुसऱ्या हातात, अशी ती मला पहिल्यांदा दिसली. "या बाबांनी आयुष्यभर डाव्या बाजूनंच चावलंय बघा, भाऊजी," असं म्हणून तिनं तो जबडा माझ्या नाकाखाली धरला होता. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की या बाईला शिसारी नावाची गोष्ट देवानं दिलेलीच नाही.

स्थळ आलं तेव्हा आईला सांगितलं होतं, मुलीला फुलपाखरांची आवड आहे. आई हरखून गेली. "नाजूक असणार पोरगी," म्हणाली. आईच्या डोळ्यांपुढे बाग होती, फुलं होती, झालंच तर हातात एखादं भरतकाम होतं. आता आई गॅलरीत जाताना नाकाला रुमाल लावते आणि जाताना मोठ्यानं म्हणते, "नाजूक." एवढा एकच शब्द. रोज.

दादाचं काय, असं कोणीही विचारेल. दादाला वास येत नाही. रंगाच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली की नाक फक्त चष्म्यापुरतं उरलंय. त्यामुळे आमच्या घरातलं ते एकमेव सुखी जोडपं आहे.

आता फुलपाखरांचा आणि या घाणीचा काय संबंध, तर तोच संबंध आहे, बाकी सगळी कविता. फुलांतून त्यांना साखर मिळते, पण खार मिळत नाही. खारासाठी ती चिखलावर बसतात, शेणावर बसतात, मेलेल्या उंदरावर बसतात, आणि भिंतीच्या ज्या कोपऱ्यात पुरुषमंडळी उभी राहतात त्या कोपऱ्यात तर मेळा भरवतात. शाळेत मी फुलपाखरावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. वहिनीनं हे सगळं सांगितल्यावर ते परत करून यावंसं वाटलं.

"पण तुम्हाला ती बसलेलीच कशाला लागतात?" मी एकदा विचारलं. "उडताना बघा की. वास तरी येणार नाही."

"उडताना सगळी सारखीच दिसतात हो, भाऊजी. माणसं हसली की सगळ्यांना दात असतात. कुणाचे स्वतःचे, ते जवळ जाऊन बघावं लागतं."

तिच्या सगळ्या दुखण्याचं मूळ एक तांबडं फुलपाखरू होतं. आमच्या भागात ते उदंड आहे, आणि फुलपाखरूवाल्यांचं मंडळ त्याला तांबडीच म्हणतं. नारिंगी पंख, काळी कड, पुढच्या टोकाला पांढरे ठिपके. आळशी उडते, कुणाला भीत नाही, कारण ती कडू असते आणि पक्ष्यांनी तिला एकदा तोंड लावलं की ते पुन्हा वाटेला जात नाहीत. या कडूपणाचा फायदा घेणारी दुसरी एक जात आहे. त्या जातीचा नर काळा, दोन्ही बाजूंना तीन-तीन पांढरे चांद, कडेला जांभळी झाक, आंधळ्यालाही ओळखू येईल असा. मादी मात्र हुबेहूब तांबडीचं सोंग घेऊन फिरते. फरक एवढाच की खऱ्या तांबडीच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, सोंगाडीच्या नसतात. ही नकली तांबडी आमच्या भागात कधी कुणाला दिसली नव्हती. वहिनीला मासळीबाजारामागच्या नाल्यावर दिसली. तिनं फोटोही काढला. त्या फोटोत एक हिरवा डाग आणि एक तांबडा डाग आहे.

मंडळाच्या बैठकीत तिनं तो दाखवला. सोबत स्कूटरवाला म्हणून मी होतो. मंडळ त्या भागातल्या फुलपाखरांचा मोठा रंगीत तक्ता छापणार होतं, शाळांतून आणि वाचनालयांतून लावायला. जी जात पहिल्यांदा कुणाला दिसली, तिच्याखाली त्या माणसाचं नाव. वहिनीला त्या तक्त्यावर नकली तांबडी हवी होती. बाकी काही नको होतं तिला. दादानं वाढदिवसाला विचारलं तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

तक्त्यासाठी फोटो देणारा स्टुडिओवाला पुढच्या खुर्चीत बसला होता. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, कडक इस्त्रीचा, अत्तराचा. तो म्हणाला, "बाईंचा सगळा दिवस नकली दातांत जातो. त्यांना नकली दिसणारच."

सगळे हसले. माझ्या तोंडावरही अर्धं हसू आलं होतं, ते मी वहिनीकडे बघून गिळलं. अध्यक्ष, म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांनी टेबलावर पेन वाजवून नियम वाचून दाखवला. नवी जात घ्यायची तर मोकळ्या जागेत आपणहून बसलेल्या फुलपाखराचा, ठिपके मोजता येतील असा फोटो हवा, आणि तिथे हजर असलेला दुसरा माणूस हवा.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं दुसरा डबा विकत आणला. त्याआधी एकच होता, हे सांगायचं राहिलं.

त्यानंतरचं वर्ष आम्ही नाक दाबून काढलं. आईनं तिला आडून सांगितलं, उभं राहून सांगितलं, शेवटी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "मला तर काहीच येत नाही वास." सुटीच्या दिवशी ती डबे घेऊन नाल्यावर जायची आणि संध्याकाळी उन्हानं लाल होऊन परत यायची. नर नाही, मादी नाही. तक्ता छापायला टाकायची वेळ जवळ आली, तेव्हा एका सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात रिकामी पाण्याची बाटली घेऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक काम होतं."

"बोला."

"केळी झाली, कोळंबी झाली. आता एकच राहिलंय. तुमच्या दादांना औषधं चालू आहेत, त्यांचं चालणार नाही." तिनं बाटली पुढे केली.

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"वहिनी, मी कुरिअरच्या ऑफिसात नोकरी करतो. लोक विश्वासानं माझ्या हातात पाकिटं देतात."

"एवढीशी तर बाटली आहे."

"नाही म्हणजे नाही. साक्षीला येतो, स्कूटर देतो, ऊन खातो. हे नाही."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. तिनं खारं पाणी कालवलं, पण तिच्या तोंडावरून कळत होतं की मी घराण्याचं नाव घालवलंय.

मासळीबाजाराच्या मागे नाला आहे, नाल्याच्या कडेनं पडकी भिंत, भिंतीलगत जमिनीसरशी पसरलेली घोळीची रानभाजी. त्या घोळीवरच नकली तांबडी अंडी घालते, म्हणून जागा हीच. वहिनीनं दगड मांडले, डबा उघडला आणि लाकडी डावानं तो लगदा दगडांवर सारवला. डाव ओळखीचा वाटला. आई गेले कित्येक महिने शोधत होती तो हाच होता. मी तोंड फिरवलं तर दुसऱ्या बाजूला एक मेलेली घूस पडली होती, आणि तिच्या पोटावर मखमली निळं फुलपाखरू सोंड रोवून ध्यान लावून बसलं होतं. इतकं देखणं काही मी जवळून पाहिलं नव्हतं. माश्या दगडावरून उठून माझ्या ओठावर बसत होत्या, तिथून परत दगडावर. वहिनी उकिडवी बसून एकटक बघत होती, आणि डब्यातली अळी मनगटावर चढली तेव्हा तिनं ती शर्टावरचं सूत काढावं तशी काढून बाजूला ठेवली.

"ठेवली कशाला? टाका की," मी म्हणालो.

"जीव आहे तिला."

तेवढ्यात स्टुडिओवाला आला. कॅमेरा, काठीची जाळी, खांद्याला पट्ट्यानं लावलेली थर्माकोलची पेटी. म्हणाला, "बाई, मागचं मनात ठेवू नका. खरंच दिसली तर फोटो मी काढून देतो, नाव तुमचंच." वहिनीनं नुसती मान हलवली. त्यानं पेटी उघडून मला थंड पेयाची बाटली दिली. बर्फातून काढलेली, घाम फुटलेली. त्या नरकात मला तो माणूस देवासारखा वाटला. स्वच्छ हात, अत्तराचा वास. मी घटाघट प्यालो आणि मनात म्हटलं, छंद करावा तर असा.

आम्ही तिघंही दगडांकडे तोंड करून बसलो होतो. घाणीवर येतात ते बहुतेक नरच असतात, त्यामुळे वाट चालली होती काळ्या नराची. आणि ती आली पाठीमागून. घोळीवरून, अगदी जमिनीलगत, एकेका पानाला पाय लावून बघत. वहिनीला कसं कळलं कोण जाणे, ती मान वळवून कुजबुजली, "भाऊजी, मागचा पंख बघा. ठिपके आहेत का?"

मी डोळे ताणले. तांबडं रान, मोकळं, एकही ठिपका नाही. मला फुलपाखरातलं ओ की ठो कळत नाही, पण तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

"नाहीत," मी म्हणालो.

"बसू दे तिला. हलू नका कुणी. बसेल ती."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत जाळी सप्पकन गेली. स्टुडिओवाल्यानं जाळीला पीळ दिला, आत हात घालून फुलपाखरू काढलं, औषधाच्या गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डबीत टाकलं आणि डबी बर्फात खुपसली.

"हे काय करताय?" वहिनी उठून उभी राहिली होती.

"पाच मिनिटं. गार पडलं की मुकाट बसतं. तुम्ही काय वर्षभर वास घेत बसला होता? मला आधी विचारायचं."

पेटीत डबी सरकवायला त्यानं बाटल्या बाजूला केल्या. खाली आणखी डब्या होत्या. पिवळी, पांढरी, निळी फुलपाखरं, पाय पोटाशी घेतलेली, काहींच्या पंखांची पूड डबीच्या भिंतींना लागलेली, एक-दोन केव्हाचीच मेलेली. ज्या बर्फात ती होती त्याच बर्फातली बाटली मी तोंडाला लावली होती. ओठ पुसले तरी ते ओठच राहिले.

मग त्यानं पिशवीतून देठासकट एक बागेतलं गुलाबी फूल काढलं आणि घोळीत रोवलं. डबीतलं फुलपाखरू चिमटीनं काढून त्यावर ठेवलं. ते घसरलं. पुन्हा ठेवलं. पंख हवे तसे नीट केले. छोट्या फवाऱ्यानं पाणी उडवलं.

"भर दुपारी दव?" मी विचारलं.

"फोटोत दुपार कुठे दिसते?" तो म्हणाला.

एकदा पंख मिटून, एकदा उघडून, त्यानं पाहिजे तेवढे फोटो काढले. काम झाल्यावर फूल उपटताना त्यावरचं फुलपाखरू त्यानं टिचकीनं उडवलं. ते उडालं नाही. चिखलात उताणं पडलं, एक पंख ओला होऊन जमिनीला चिकटला. पाय हलले असतील किंवा मुंग्यांनी हलवले असतील. वहिनी गुडघ्यांवर बसली, तिनं खाली वाकून मागचा पंख पाहिला. ठिपके नव्हते. वर्षभर ती बरोबर होती.

ती उठली, भिंतीपाशी गेली, एक हात भिंतीला लावला आणि ओकली. कोळंबीचा लगदा सारवणारी, मनगटावरून अळी काढणारी बाई. स्टुडिओवाला माझ्याकडे बघून समजूतदारपणे म्हणाला, "ऊन लागलं असेल. त्यात हा वास."

घरी आल्यावर ती किती तरी वेळ हात धूत होती. त्या फुलपाखराला तर तिनं हातही लावला नव्हता.

बैठकीत तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. दिसत मात्र होता फार देखणा. गुलाबी फूल, दव, मिटलेले पंख, एकेक रेष स्पष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्टुडिओवाल्यानं उठून सांगितलं की शोध बाईंचा, मी फक्त बटण दाबलं. इतका मोठेपणा दाखवला की मला पुन्हा ती बर्फातली बाटली आठवली.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "आणि साक्षीदार? तुम्ही होतात ना? कुठे बसलं होतं फुलपाखरू?"

मी वहिनीकडे पाहिलं. तिचं वर्ष, तिचे डबे, आईचा डाव, सगळं त्या एका उत्तरावर होतं. "नाल्याकाठी," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

"बसलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "जाळीनं धरलं, बर्फात घातलं आणि फुलावर ठेवलं. फूलही यांनीच आणलेलं. नंतर ते मेलं."

मला वाटलं, आता खोलीत शांतता पसरेल, कुणाची तरी मान खाली जाईल. तसं काही झालं नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई पर्समधून रुमाल काढत म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? मीसुद्धा फ्रिजमध्ये ठेवते. भाज्यांच्या कप्प्यात. काही होत नाही त्यांना."

"मी वरच्या कप्प्यात," मागून कुणी तरी म्हणालं. लोक हसले. तक्त्यावरची किती चित्रं कुणाच्या फ्रिजमधून आली असतील, याचा हिशेब मी सुरू केला आणि लगेच सोडून दिला.

"जात खरी आहे ना?" अध्यक्षांनी विचारलं. "ठिपके नाहीत ना? मग झालं."

"मग नियम कशाला केला?"

"नियम शंकेसाठी असतो. इथे शंकाच नाही. उलट तुमचं म्हणणं सिद्ध झालंय, बाई."

"माझं नाव काढा त्याखालून," वहिनी म्हणाली. "आणि साक्षीदार म्हणून भाऊजींचंही."

"अहो, पहिली नोंद तुमची."

"काढा."

काढलं. काही अडलं नाही कुणाचं. परतताना स्कूटरवर मी तिच्यावर मनसोक्त चिडलो. "वहिनी, एक वर्ष आम्ही तोंडानं श्वास घेतला. आईनं जेवणाची ताटं पुढच्या खोलीत नेली. पाहुणे यायचे बंद झाले. आणि आता तुमची तांबडी त्या अत्तरवाल्याच्या नावावर?"

ती माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाली, "मला ती बसलेली बघायची होती हो, भाऊजी. आपणहून. दुसरं काही नव्हतं."

तक्ता छापून आला. मंडळानं सगळ्या सभासदांना एकेक दिला, तिलाही. तो आईनंच उघडला. "किती स्वच्छ काम आहे," आई म्हणाली. "असं काही करत जा ना तू. त्या घाणीत काय बसतेस?" मला त्या क्षणी गॅलरीतला वास चक्क बरा वाटला.

वहिनीनं तक्ता खाली कवळ्यांच्या खोलीत नेला, दिव्याखाली पसरला आणि दात बघायचं भिंग मला दिलं. "चेहरा नका बघू. पाय बघा."

मी पाहिलं. बाकीच्या काही चित्रांत फुलपाखरानं पान धरलं होतं, पायाची नखं पानात रुतलेली दिसत होती. नकली तांबडीचे पाय हवेत होते. काहीच धरलेलं नव्हतं. ती फुलावर बसली नव्हती, पडली होती. आणि एकदा ते दिसल्यावर मग सगळीकडे दिसायला लागलं. त्या रंगीत तक्त्यावर अर्ध्याहून जास्त चित्रं पाय आखडलेल्या, गार पडलेल्या फुलपाखरांची होती, आणि शाळाशाळांतली पोरं ती बघून निबंध लिहिणार होती. मी भिंग खाली ठेवलं.

"पुन्हा कधी छापणार?"

"छापतील तेव्हा छापतील," ती म्हणाली. तिनं मेणाची पट्टी दिव्यावर धरली आणि कुणाच्या तरी जबड्याला हिरडी चढवायला घेतली. "घोळीला अजून नवी पानं येतायत. अंडी असतील तिथे. रविवारी जाते मी."

शनिवारी सकाळी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा मी घरातच होतो. वास भिंतीतून आला, दारातून आला, उशीतून आला. आई गॅलरीच्या दारात उभी राहून "नाजूक" म्हणाली. वहिनीनं तेव्हा पुढे केलेली ती रिकामी पाण्याची बाटली घेऊन मी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, बराच वेळ स्वतःची लाज वाटून घेतली आणि बाहेर येऊन ती बाटली डब्यांच्या शेजारी, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली. झाकण घट्ट लावून. वर कागदाची चिठ्ठीही चिकटवली, 'पिण्याचं नाही', कारण दादाला वास येत नाही.